तीन पायऱ्या आणि सासूबाई

सासूबाईंचा पाय मोडला त्या दिवशी पक्कडकाकांना मनापासून वाईट वाटलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसंच वाटत राहिलं. सकाळी दात घासता घासता त्यांच्या लक्षात आलं, की सासूबाई आता चाकाच्या खुर्चीत बसून येणार, आपलं घर तळमजल्यावर असलं तरी दाराला तीन पायऱ्या आहेत, आणि चाकं काही पायऱ्या चढत नाहीत. म्हणजे काहीतरी बनवावं लागणार! त्यांनी घाईघाईने चूळ भरली. आरशात पाहिलं तर चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस उरला नव्हता. बरं दिसावं म्हणून ते टॉवेल जरा जास्त वेळ तोंडावर धरूनच बाहेर आले.

पक्कडकाका हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं ते नाव मोठ्यांनी उचललं आणि मग ते चिकटलं ते चिकटलंच. नोकरी म्हणाल तर एका कार्यालयाच्या अभिलेख विभागात. तिथे दिवसभर जुने कागद शोधायचे आणि ते सापडत नाहीत असं लेखी कळवायचं. जीव मात्र हत्यारांत अडकलेला. कार्यालय ते घर या वाटेवर सुतार, वेल्डर, पत्र्याच्या पेट्या करणारा, किल्ल्या बनवणारा, घड्याळं दुरुस्त करणारा अशा पाच जणांच्या दुकानांत त्यांचं हक्काचं स्टूल होतं. तिथे बसून बसून प्रत्येक धंदा त्यांना पाऊण येत होता, आणि उरलेला पाव कधी लागणार नाही अशी त्यांची खात्री होती.

घरामागची गॅलरी त्यांच्या हत्यारांनी भरलेली होती. करवती, रंधे, पटाश्या, कानशी, तीन आकारांची गिरमिटं आणि पाने तर किती ते काकांनाही सांगता आलं नसतं. काकू कपडे वाळत घालायला पुढच्या दारी जात. या सगळ्यांत काकांचा लाडका होता तो त्यांचा स्टीलचा टेप. त्याचा पहिला इंच फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दारात सापडून तुटला होता, त्यामुळे तो टेप एकापासूनच सुरू व्हायचा. नवा घ्या म्हणून सगळे सांगून थकले. काका म्हणायचे, "एक इंच वजा करायचा, संपलं! तेवढ्यासाठी चांगला टेप टाकून देतात होय?"

आणि खरंच, लाकूडकामात त्यांना कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. स्वयंपाकघरातली मांडणी, चपलांचं कपाट, खिडक्यांच्या जाळ्या, जिथली वस्तू तिथे अशी चपखल बसलेली, की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. काम करायची पद्धतही ठरलेली. काका गुडघ्यावर बसून माप घ्यायचे आणि खणखणीत आवाजात ओरडायचे. काकू मागे उभ्या राहून ते चिठ्ठीवर लिहायच्या. मग ती चिठ्ठी घेऊन सुताराच्या दुकानी जायचं. बावीस वर्षांच्या संसारात त्या दोघांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावरच झालेलं नव्हतं.

विजेच्या कामाबद्दल मात्र न बोललेलं बरं. एकदा त्यांनी सासूबाईंचा पंखा हट्टाने दुरुस्त केला होता. तो फिरायला लागला, जोरात फिरायला लागला, पण वारा सगळा छताकडे. "जावईबापूंचा हात लागला की वस्तू चालते हो," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "पण स्वतःच्या मर्जीने चालते."

तर अशा या सासूबाई. त्यांनी दवाखान्यातूनच फोनवर लेकीला आपली अट कळवली. "मला कुणी उचलून आत नेलेलं चालणार नाही. मी काही गोणी नाही. खुर्चीत बसून नीट दारातून आत येता आलं, तर सहा आठवडे तुझ्याकडे. नाहीतर तुझ्या भावाकडे लिफ्ट आहेच."

काकूंनी फोन ठेवला आणि त्या खिडकीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून आई माझ्याकडे दोन रात्रींच्या वर राहिलेली नाही. तिसऱ्या दिवशी तिला तिकडची ओढ लागते. यंदा पहिल्यांदा डॉक्टरांनीच सहा आठवडे म्हटलंय." वळून त्यांनी विचारलं, "अहो, सुतारालाच सांगूया का सगळं?"

हा घाव काकांच्या वर्मी बसला. "सुताराला काय सांगायचं ते मी सांगीन," ते म्हणाले. "उतार बनवायचाय. प्लायवूडचा, मजबूत. सोमवार आज, रविवारी आई येणार. सहा दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी!"

"हे जमलं नाही ना," काकू म्हणाल्या, आणि वाक्य अर्धवट सोडून आत गेल्या. पुढचे सहा दिवस काका त्या वाक्याचा शेवट मनात शोधत होते. जो शेवट सापडे तो आधीच्यापेक्षा वाईट निघे.

पायऱ्यांपाशी काका गुडघे टेकून बसलेले दिसले, की समोरच्या घरातले निवृत्त इंजिनिअर चप्पल घालून निघत. तसे ते आलेच. त्यांनी हात मागे बांधून तिन्ही पायऱ्या वरून खाली आणि खालून वर पाहिल्या.

"एकास बारा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"उंची एक फूट तर लांबी बारा फूट. नियम आहे. तुमची उंची पावणेदोन फूट, म्हणजे उतार एकवीस फूट."

काकांनी अंगणात एकवीस फूट चालून पाहिलं. ते सेक्रेटरींच्या स्कूटरवरून, झाडाच्या कुंडीतून आणि फाटकातून रस्त्यावर निघाले. "म्हणजे सासूबाईंनी समोरच्या दुकानातून चढायला सुरुवात करायची?"

"नियम म्हणजे नियम," इंजिनिअर म्हणाले. या गृहस्थांनी आयुष्यभर पूल बांधले होते, आणि एकही पूल आपल्याला हवा तसा होऊ दिला नाही अशी त्यांची सगळ्या जगावर तक्रार होती. शेवटी दहा फुटांवर तडजोड झाली. मागून ढकलायला जावई असेल आणि पुढून ओढायला मुलगा, या अटीवर इंजिनिअरनी तोंडी मान्यता दिली. लेखी मागितली तर नको म्हणाले.

लेखीचा प्रश्न सेक्रेटरींकडे होता. सोसायटीचे सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते, फक्त कुठलीही गोष्ट अर्जाशिवाय घडू शकते हे त्यांना पटत नसे. त्यांच्याकडे तीन प्रकारचे छापील अर्ज होते: एक भाडेकरूंसाठी, एक घरातल्या तोडफोडीसाठी आणि एक वाहनांसाठी. त्यांनी ते तिन्ही टेबलावर मांडले आणि हनुवटी खाजवली.

"सासूबाई भाडेकरू नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत," काका म्हणाले. काकूंनी ऐकलं असतं तर काय, या विचाराने त्यांना घाम फुटला.

"तोडफोड म्हणावी तर तुम्ही काही तोडत नाही. अजून तरी."

"मग वाहन?"

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. खुर्चीला चाकं होती, ती अंगणात येणार होती आणि तिला उभं राहायला जागा लागणार होती. अर्ज भरला गेला. वाहनाचा प्रकार: चारचाकी. इंधन: या रकान्यात बऱ्याच चर्चेअंती "जावई" असं लिहिण्यात आलं. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने दुकानातून भाड्याने आणलेली खुर्ची काकांच्या दारात उभी राहिली, आणि सेक्रेटरींनी स्वतः येऊन तिच्या पाठीवर सोसायटीचा गोल स्टिकर चिकटवला. सोबत परवानगीचं पत्र होतं आणि त्यात एक अट होती: उतार वापरात नसताना त्याने अंगणातली जागा अडवता कामा नये.

दुसरा कुणी या अटीने खचला असता. काकांना तर हवा तो खाऊ मिळाला. बुधवारी रजेच्या अर्जात "घरगुती पूल" असं कारण लिहून ते दिवसभर सुताराच्या दुकानात बसले. हा सुतार काकांचा वीस वर्षांचा स्नेही. तोंडात कायम पेन्सिल धरून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं कळत नसे आणि उरलेलं निम्मं काका स्वतःच पूर्ण करून घेत.

काकांची कल्पना अशी होती. उताराचं वरचं टोक मोठ्या बिजागऱ्यांनी उंबरठ्याला जोडायचं. खालच्या टोकाला दोर. तो दोर दारावरच्या कप्पीवरून झरोक्यातून घरात. घरात बसून दोर ओढला की अख्खा उतार उभा राहून भिंतीला लागेल आणि अंगण मोकळं! सुताराने पेन्सिल तोंडातून काढली, काहीतरी विचारायचं म्हणून तोंड उघडलं, काकांचा फुललेला चेहरा पाहिला आणि पेन्सिल परत तोंडात घातली.

गुरुवारी सकाळी उतार बसला. बघायला सगळी सोसायटी लोटली. इंजिनिअरनी दोर सुताचा हवा की नायलॉनचा यावर बोलून घेतलं. सेक्रेटरींनी हिरवा रंग सुचवला. काका आणि काकू घरात गेले, काकांनी "हं!" म्हटलं आणि दोघांनी मिळून दोर ओढला. कप्पी कुरकुरली आणि तो दहा फुटी उतार डौलात वर उचलला गेला. बाहेर टाळ्या पडल्या. उतार वर वर आला, उभा झाला आणि भिंतीला धप्पकन टेकला. सकाळी दहा वाजता घरात काळोख झाला.

त्या काळोखात काकूंचा आवाज आला. "अहो, आता बाहेर कसं जायचं?"

काकांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या जागी प्लायवूड होतं. चार दिवसांत दोराचा, रंगाचा, बिजागरीचा, उंचीचा विचार झाला होता. उतार उभा असताना माणसांनी ये-जा कुठून करायची, एवढाच एक विचार आठ-दहा शहाण्या माणसांपैकी कुणालाही सुचला नव्हता. "त्यात काय, खाली सोडायचा," काका म्हणाले आणि दोर सैल केला. दोर कप्पीच्या चाकावरून निसटून बाजूच्या फटीत घुसला आणि तिथे असा बसला, की ओढला तर येईना, सोडला तर जाईना.

खिडक्यांना आणि मागच्या गॅलरीला गज होते, आणि ते काकांनीच बसवलेले होते, म्हणून ते निघण्याचा प्रश्नच नव्हता. दोन तास नवरा-बायको स्वतःच्या घरात अडकून पडली. साडेदहाला काकांनी कार्यालयात फोन लावला.

"साहेब, आज यायला उशीर होईल. दार उघडत नाहीये."

"किल्ली हरवली का?"

"नाही साहेब. पूल वर आहे."

 मग साहेबांनी काळजीच्या स्वरात, विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. तेवढ्यात प्लायवूडच्या फटीतून एक कागद आत सरकला. सेक्रेटरींची नोटीस होती. अटीचं पालन झाल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं होतं, परंतु उतारामुळे वरच्या मजल्याची खिडकी अर्धी झाकली जात असल्याने सात दिवसांत खुलासा करावा असं म्हटलं होतं. काकांनी तो कागद परत फटीतून बाहेर सरकवला.

अखेर इंजिनिअर वरच्या मजल्यावरच्या खिडकीत गेले आणि केर काढायच्या झाडूच्या दांड्याने त्यांनी दोर सोडवला. "माझा पहिला पूल, जो मला हवा तसा हलला," असं ते खाली येऊन म्हणाले.

ही बातमी मेहुण्याने दवाखान्यात पोचवली नसती तर बरं झालं असतं. पण तो पडला गोष्टीवेल्हाळ. दुपारी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, खंदकही खणताय म्हणे?" त्यांनी विचारलं. मग फोन लेकीकडे द्यायला सांगून म्हणाल्या, "हे बघ, रविवारी तुझा भाऊ गाडीतून मला तुझ्या दारात आणेल. माझी बॅग मात्र गाडीतच राहील. मी आत पोचले तर बॅग उतरवायची. आणि बाजूला कठडे आहेत का गं? नसतील तर बसवायला सांग."

काकूंनी फोन ठेवला.    आईसाठी झाडून ठेवलेल्या खोलीचं दार त्यांनी हळूच ओढून घेतलं.  आपल्या हौसेपायी बायकोचे सहा आठवडे जाणार, हा विचार काकांना पहिल्यांदाच स्पष्ट शब्दांत सुचला.

पण काका हार मानणारे नव्हते. शुक्रवारी उजाडताच त्यांनी बिजागऱ्या काढल्या, कप्पी उतरवली. उतार करवतीने मधून आडवा कापून दोन तुकडे केले. लागेल तेव्हा जोडायचे, नको तेव्हा भिंतीशी उभे करायचे. इतका साधा उपाय आधी का सुचला नाही, असं सुताराने पेन्सिलीआडून विचारलं. काकांनी ते न कळल्यासारखं केलं. आता राहिले कठडे. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंच फळ्या, आणि त्यांच्या मधून खुर्ची जाणार. संध्याकाळी मेहुणा खुर्ची दवाखान्यात घेऊन जाणार होता, तेव्हा माप त्याआधीच घ्यायला हवं होतं.

या वेळी काकांनी ठरवलं होतं, घाई म्हणून करायची नाही. त्यांनी डाव्या तळहातावर बॉलपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं: वजा १. मग ते खुर्चीपुढे बसले. चाकांच्या बाहेरच्या कड्या धरून टेप लावला. टेप सत्तावीस म्हणाला. काकांनी तळहात पाहिला. सव्वीस. त्यात मोकळीक एक इंच.

"आतली रुंदी सत्तावीस!" ते खणखणीत ओरडले.

मागे उभ्या असलेल्या काकूंनी चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली आणि काकांच्या खिशात ठेवली. ती चिठ्ठी तशीच सुताराच्या हातात गेली. सुताराने फळ्या कापल्या, चिठ्ठी बघून प्लायवूडवर कठड्यांच्या खुणा आखून दिल्या, आणि काकांनी शनिवारभर त्या खुणांवर कठडे बसवले. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. एका बाजूला चोवीस, दुसऱ्या बाजूला चोवीस. गिरमिटाने भोक, मग स्क्रू, मग वरून पॉलिश पेपर. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं काम होतं. रविवारी सकाळी हिरवा रंगसुद्धा वाळला.

अकरा वाजता गाडी आली. मेहुण्याने आईला खुर्चीत बसवलं. बॅग मागच्या काचेतून सगळ्यांना दिसत होती. सासूबाईंनी उताराकडे पाहिलं, कठड्यांकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"रंग बरा आहे," त्या म्हणाल्या.

काकांना एवढं पुरे होतं. त्यांनी खुर्चीच्या मुठी धरल्या. मेहुणा पुढून ओढू लागला. इंजिनिअर "सावकाश, सावकाश" म्हणत बाजूने चालू लागले. पहिले तीन फूट खुर्ची गेली. चौथ्या फुटाला कुठूनतरी बारीक घासल्याचा आवाज आला. पाचव्या फुटाला, बरोबर मध्यावर, खुर्ची थांबली.

काकांनी ढकललं. मेहुण्याने ओढलं. खुर्ची हलेना. "मागे घ्या जरा," इंजिनिअर म्हणाले. मागेही येईना. दोन्ही चाकांच्या कड्या दोन्ही कठड्यांत अशा बसल्या होत्या, की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही.

"का थांबलो?" सासूबाईंनी पुढे बघतच विचारलं.

"जरा विश्रांती," काका म्हणाले.

"कुणाला?"

आता सल्ले सुरू झाले. साबण लावा. तेल सोडा. चाकातली हवा काढा, असं एकजण म्हणाला. चाकात हवा नाही हे कळल्यावर मग भरा म्हणाला. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं आणि वाहन सामायिक जागेत किती वेळ उभं राहू शकतं याबद्दलचा नियम आठवायचा प्रयत्न केला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं, मग गाडीतल्या बॅगेकडे, आणि पदराने कपाळ पुसलं.

सुतारही बघायला आला होता. काका त्याच्यावर घसरले. "अरे, सत्तावीस सांगितले होते ना मी?"

सुताराने खिशातून चिठ्ठी काढली, पेन्सिल काढली आणि बऱ्याच दिवसांनी स्पष्ट शब्दांत बोलला. "चिठ्ठीत सव्वीस आहेत, काका."

"सव्वीस कसे असतील? अगं, मी तुला सत्तावीस म्हणालो!"

"हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही सत्तावीस म्हणालात, मी सव्वीस लिहिले. एक वजा करून."

"पण मी वजा करूनच सांगितले होते!" काकांनी तळहात पुढे केला. घामाने पुसट झालं होतं, तरी वाचता येत होतं.

काकू पायऱ्यांच्या कडेने खाली आल्या. त्यांनी तो तळहात वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला. "तुम्ही वजा केलंत?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अहो, पण तुम्ही कधीच करत नाही."

"कधीच म्हणजे?"

"कधीच म्हणजे कधीच. मांडणीच्या वेळी नाही, चपलांच्या कपाटाला नाही, जाळ्यांना नाही. टेप तुटला त्या दिवसापासून तुम्ही टेप म्हणेल तेच ओरडता. मी लिहिताना एक कमी करते."

 काकांच्या डोळ्यांपुढून घरातली एकेक वस्तू गेली. मांडणी. कपाट. सहा जाळ्या. माळ्यावर चढायचं शिडीचं स्टूल. पाहुण्यांना बोट ठेवून दाखवलेला प्रत्येक सांधा. त्यांना लाज वाटली. सोसायटीदेखत वाटली, म्हणून जास्तच वाटली. क्षणभर त्यांना वाटलं, की गॅलरीतली हत्यारं उचलून त्या पाच दुकानांत वाटून टाकावीत आणि उरलेला जन्म जुने कागद शोधण्यात घालवावा.

"मग सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"काय सांगायचं?" काकू म्हणाल्या.  "माप घेताना किती रंगात येता तुम्ही. हाक मारून बोलावता, लिही म्हणता. एकदा चूक काढली असती, तर पुढच्या वेळी मला बोलावलं असतंत का?"

 काका बायकोकडे बघत राहिले. लाज अजून होतीच, पण तिच्या शेजारी आता दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं आणि ते बरं वाटत होतं. बावीस वर्षं ही बाई आपल्यामागे उभी राहून आपल्या प्रत्येक कामातला एक इंच गुपचूप काढून घेत होती, आणि आपण समजत होतो की आपला हातच तसा आहे.

"आई, चल बरं," मेहुणा कंटाळून म्हणाला. "आपण चौघेजण मिळून तुला वर उचलतो, खुर्ची मागून काढू. माझ्याकडे लिफ्ट आहे. आत्तापर्यंत तू घरी जाऊन झोपली पण असतीस. भावजी, वाईट वाटून घेऊ नका, पण हे काही खरं नाही."

सासूबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. "जावईबापू, हे कठडे खिळ्यांनी ठोकलेत की स्क्रूने?"

"स्क्रूने," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप खणखणीत झाला. "खिळा एकही नाही. बाजूला चोवीस, एकूण अठ्ठेचाळीस. प्रत्येकाला आधी भोक पाडून."

"मग निघतील?"

"निघतील म्हणजे काय, लोण्यातून निघावेत तसे निघतील! दोन्ही कठडे अर्धा-अर्धा इंच बाहेर घेतले की झालं. खालचं प्लायवूड रुंद आहे, मी ते मुद्दाम रुंद ठेवलं होतं." हे मुद्दाम नव्हतं, पण ते शोधायची ही वेळ नव्हती. काका धावत गॅलरीत गेले आणि दोन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. एक त्यांनी सुतारापुढे धरला. तो मधल्यामध्ये काकूंनी घेतला.

डाव्या बाजूला काका बसले, उजव्या बाजूला काकू, आणि मध्ये सासूबाई. "वरून सुरुवात कर," काका म्हणाले. "खालून," काकू म्हणाल्या, "वरून काढले तर फळी आईच्या गुडघ्यावर येईल." "येणार नाही, मी धरली आहे." "तुम्ही तिकडची धरली आहे!" "अगं, मग मधून कर." "मधून कोण करतं?" सुताराने इकडे पेन्सिल दाखवली, इंजिनिअरनी तिकडे बोट, आणि त्या दोघांनी या सगळ्यांकडे साफ दुर्लक्ष केलं. सासूबाई मान वळवून कधी जावयाकडे, कधी लेकीकडे बघत होत्या. लेक नवऱ्याशी इतकं भांडू शकते हे त्यांना माहीत नव्हतं. दोन रात्रींच्या मुक्कामात या गोष्टी दिसत नाहीत.

चार स्क्रू निघाले. एक-दोन मिनिटं गेली.

"अरे," सासूबाई मुलाला म्हणाल्या, "गाडीतली बॅग काढ."

"आई, तू अजून मध्येच आहेस."

"पोचेन मी. यांना आपापसात ठरवू दे आधी. तू बॅग आत नेऊन ठेव, त्या कोपऱ्यातल्या खोलीत. आणि गाडी लाव नीट कुठेतरी, आडवी उभी केलीयेस."

मेहुण्याने गाडीचं मागचं दार उघडलं. बॅग चांगली जड होती. सहा आठवड्यांची होती. ती घेऊन तो कडेने पायऱ्या चढून आत गेला. काकू त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या, तो दिसेनासा झाल्यावरही बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि पुढचा स्क्रू जोर लावून फिरवायला घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि समोरचं धड दिसत नव्हतं.

स्क्रू उलट्या बाजूने फिरत होता. सुटायच्या ऐवजी घट्ट होत होता. काकांनी ते पाहिलं, तोंड उघडलं, आणि काहीच बोलले नाहीत.